सत्यवचनाचे पाप

बाप्सी सिधवा यांच्या 'आइस कँडी मॅन' (१९८८) या कादंबरीची निवेदिका लेनी ही लाहोरच्या एका सुखवस्तू पारशी कुटुंबातील, पोलिओने पाय अधू झालेली बालिका असून तिचे वयात येणे आणि १९४७ ची फाळणी या दोन घटना लेखिकेने अशा एकजीव केल्या आहेत की एकीवाचून दुसरी सांगताच येऊ नये. लेनीच्या हिंदू आयेभोवती बागेत, व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्यापाशी जमणारे मालिशवाला, खाटीक, बर्फाच्या कांड्या विकणारा, ही सारी प्रारंभी नुसती माणसे असतात; परंतु पुढे प्रत्येकाच्या नावाआधी त्याचा धर्म येऊन उभा राहतो आणि हरी माळ्याला तर जीव राखण्यासाठी हिंमत अली व्हावे लागते.

मग एके दिवशी जमाव आयेला शोधीत दारी येतो. खानसामा इमाम दीन, स्वतः मुसलमान असून, अल्लाची शपथ घेऊन ती शहर सोडून गेल्याचे धादांत खोटे सांगतो. तेवढ्यात तो बर्फवाला लेनीला जवळ घेऊन मायेने तेच विचारतो, आणि खरे बोलण्याच्या संस्कारात वाढलेली ती पोर खरे सांगून मोकळी होते.

महाभारताच्या कर्णपर्वात, दरोडेखोरांना लपलेल्या पांथस्थांचा ठावठिकाणा सांगणारा सत्यव्रती कौशिक नरकात गेल्याची कथा श्रीकृष्ण अर्जुनाला ऐकवितो. तो निवाडा मला मान्य आहे. मात्र लेनीला तो लावणे अन्यायाचे होईल. कौशिकापुढे परके दरोडेखोर उभे होते. लेनीपुढे तिचा रोजचा स्नेही होता. समाज दुभंगला म्हणजे स्नेही कोणता आणि वैरी कोणता, हे ओळखण्याची खूणच नाहीशी होते आणि निरागसपण शत्रूच्या हाती आयते सापडते. तरीही लेखिका लेनीला निर्दोष ठरवीत नाही. आपली जीभ रक्ताळेपर्यंत ब्रशने घासणारी ती मुलगी स्वतःलाच सजा फर्मावते.

माझा रोख मात्र वडीलधाऱ्यांकडे वळतो. लेनीची आई त्याच सुमारास शिधापत्रिकेवरचे पेट्रोल गुपचूप साठवून हिंदू-शीख स्नेह्यांना शहराबाहेर पडण्यास साहाय्य करीत होती, हे पुण्यकर्मच. पण त्याचा उलगडा घरात कोणी मुलांपाशी केला नाही, आणि पेट्रोलचे डबे पाहून आपली आईच लाहोरला आगी लावीत असावी, अशी त्या मुलांची समजूत झाली होती.