उथळ पाणी

मी मासे खाणारा मनुष्य आहे. माशाच्या मरणाबद्दल गळा काढण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. तरीही गेल्या सप्टेंबरात मिशिगन सरोवरावर, भाच्याच्या होडीत बसलो असता, एक प्रश्न माझ्या मनात रुतला तो अजून निघत नाही.

त्या होडीवर डाउनरिगर नावाचे यंत्र आहे. चक्रावर गुंडाळलेली पोलादी तार आणि तारेच्या टोकाला दहा पौंडांचा शिशाचा गोळा. गळाचा दोरा चिमट्याने तारेत अडकवायचा आणि गोळा हव्या त्या खोलीवर सोडायचा. मासा लागला की दोरा चिमट्यातून सुटतो. पुढची झुंज मासा आणि माणूस यांची. उन्हाळ्यात सॅल्मन थंड पाण्यासाठी शंभर फूटही खाली जातो. तेथे त्याला गाठण्यासाठी ही युक्ती. तिच्याविषयी माझी तक्रार नाही.

पण त्या दिवशी आम्ही नदीच्या मुखाशी होतो. पाणी जेमतेम पंधरा फूट. भाच्याने गोळा आठ फुटांवर ठेवला आणि होडीला मासे बुजू नयेत म्हणून आमिष खूप मागे सोडले. "मामा, आता ते आपण होऊन येतात बघा," तो म्हणाला.

येतात ते अंडी घालायला. या दिवसांत सॅल्मनची भूक मेलेली असते. आमिषावर तो झडपतो ते चिडून, नाहीतर जुन्या सवयीने. खोल पाण्याचा आसरा त्याने स्वतःच सोडलेला असतो.

काठी वाकली. भाच्याने ती माझ्या हाती दिली. बऱ्याच झटापटीनंतर चिनूक जातीची एक भलीमोठी मादी होडीत आली. पोट अंड्यांनी भरलेले. माझा चेहरा पाहून भाचा म्हणाला, "मामा, हा मासा मूळचा इथला नव्हेच. पॅसिफिकचा. 1966 साली कोहो आणि 1967 साली चिनूक सरकारनेच या सरोवरात सोडले. शिवाय अंडी घालून ती मरणारच होती. तुम्ही उगीच वाईट वाटून घेता."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण 'मरणारच होती' हे उत्तर मला पटेना. आणि विचार करता करता ध्यानात आले, की मला ती मासळी टोचत नव्हती; माझीच एक खोड टोचत होती.

कचेरीत तीस वर्षे मी बरोबरीच्या माणसांशी भांडलो. तिथे लागणारे धारदार शब्द तिथेच कमावले. त्याचे मला वाईट वाटत नाही. पण संध्याकाळी तेच शब्द घेऊन मी घरी येत असे आणि जी माणसे निःशंक मनाने जवळ येत, त्यांच्यावर ते चालवत असे. मुलाने चुकून काही विचारावे आणि मी त्याला एका वाक्यात गप्प करावे! जिंकलो असे वाटे. पण समोर सामना होताच कुठे?

परवा मुलगा दिवाळीला आला. फराळाचे ताट पुढ्यात घेऊन त्याने काहीतरी भाबडे विचारले. उत्तर जिभेवर तयार होते. मी चकली मोडली आणि म्हटले, "बोल, तुला काय वाटते?"

तो क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिला.