खिचडीच्या ताटाची लाज

जिल्हा परिषदेच्या शाळेत दुपारची घंटा झाली म्हणजे मुले ताटे घेऊन पंगतीने बसतात व त्यांस खिचडी वाढली जाते. नवापूर, अक्कलकुवा, धडगाव ह्या बाजूंस मंडळ्यांच्या भेटीस जाताना हे दृश्य आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. पंगतीकडे पाठ करून घरचा डबा उघडून बसलेली दोन-तीन मुलेही पाहिली आहेत. ती कोणाची म्हणून पुसावे, तर एक दुकानदाराचे, एक गुरुजींचे, आणि सांगावयास संकोच वाटतो, एक मंडळीच्या पंचाचे. आमची स्वतःची कन्याही दोन वर्षे तेथेच बसत असे. डबा देणारे आम्हीच.

गतवर्षी तिने घरी येऊन सांगितले की, वर्गातील एक मुलगी खिचडी घेईनाशी झाली आहे. तिचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीस गुजरातेत गेलेले. ती आजीपाशी राही. कोणी पोर तिला म्हणाले, तू शिकावयास येत नाहीस, खावयास येतेस. तेव्हापासून ती दुपारी उपाशी बसे. ते शब्द आमच्या मुलीचे नव्हते. पण आमच्या डब्याने ते खरे करून दाखविले होते.

वास्तविक ही भीक नव्हे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी योजना निघाली, तेव्हा आपल्याकडे मुलांस महिन्याकाठी तीन किलो तांदूळ मिळत. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेले अन्नच द्यावे असा हुकूम केला, व २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तो मुलांचा हक्क ठरला. सरकारी व अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या प्रत्येक मुलास हे अन्न मिळते. बापाची मिळकत कोणी विचारीत नाही. कायद्याने भेद ठेवला नाही. मग लाज आली कोठून? ती आम्ही डब्यात घालून पाठविली.

कित्येक बंधू म्हणतात, फुकटाचे खाऊन स्वाभिमान जातो. मोठ्या माणसाविषयी हे म्हणणे अगदीच खोटे नाही. थेस्सलनीकाच्या आळशांस पौलानेही बजाविले होते. पण आठ वर्षांच्या पोराने कोणते कष्ट करून खावे? आणि आपण तर कृपेने तारलेले म्हणवितो. ती विकत घ्यावी लागती, तर आमच्यापैकी कोणास परवडली असती?

१८९९-१९०० च्या, म्हणजे छप्पनच्या दुष्काळात मिशनांनी अनाथ मुले पोसली. पंडिता रमाबाईंनी शेकडो मुली केडगावी आणिल्या. तेव्हा लोक म्हणाले, ही पोटासाठी ख्रिस्ती झाली. तो टोमणा आमच्या कित्येक घरांत अद्याप सलतो. ज्यांस तो लागला, त्यांच्याच नातवंडांच्या डब्यातून तो दुसऱ्याच्या लेकरास लागावा काय?

करिंथच्या मंडळीत सधन लोक आपले जेवण आधी उरकीत व गरीब तसेच राहत. पौलाने त्यांस दोष दिला तो निर्धनांची मान खाली घालविल्याबद्दल, आणि तोही प्रभुभोजनाच्याच संबंधाने. हा अध्याय आम्ही वर्षानुवर्षे वाचून दाखवीत आलो. शाळेची ओसरी कधी मनात आली नाही.

खिचडी बेचव असेल, डाळ पातळ असेल, तर शाळा व्यवस्थापन समितीपुढे तक्रार करावी. ज्याचे मूल पंगतीत बसते, त्याच्या तक्रारीस वजनही येते.

जूनपासून आमच्या घरचा डबा बंद आहे. मीठ कमी असते, असे कन्येचे म्हणणे. त्या दुसऱ्या मुलीची आम्ही चौकशी केली. ह्या खेपेस आईबाप तिला ऊसाकडे बरोबर घेऊन गेले. नाव तेवढे पटावर आहे.