वरातीमागून शिंगरू

मराठी भाषेत घोड्यांना तोटा नाही. काम अडलं की घोडं पेंड खातं, उशीर झाला की ते वरातीमागून येतं, परीक्षेची वेळ आली की घोडामैदान जवळ असतं आणि पोरीचं लग्न लांबलं की शेजारणी तिला घोडनवरी म्हणून मोकळ्या होतात. पण घोड्याचं पोर, म्हणजे शिंगरू, त्याच्या वाट्याला अख्ख्या भाषेत नाव घेण्याजोगी एकच म्हण आली आणि तीतही बिचारं मरतं! 'गाढव मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं.' म्हणीतलं शिंगरू गाढवाचं आहे हे कबूल. पण घोड्याचं पोरही शिंगरूच. लहानपणी सगळे सारखेच. कोण घोडा आणि कोण गाढव, हे पुढं कळतं.

शाळेत आम्ही या म्हणीचा वाक्यात उपयोग करून दोन मार्क मिळवले. पण मुळात शिंगरू हेलपाटे घालायला जातंच कशाला, हा प्रश्न ना गुरुजींनी विचारला ना आम्ही. त्याचं उत्तर मिळालं ते पनवेलच्या पलीकडे, आमच्या मेव्हण्यांच्या शेतावर.

नवी मुंबईत शेत कुठलं, असं कुणी विचारील. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतली ९५ गावं नव्या शहरासाठी नकाशावर आली. ज्यांची शेतं रेषेच्या आत पडली त्यांचे सेक्टर झाले. मेव्हण्यांचं शेत रेषेच्या बाहेर पडलं, म्हणून ते शेतच राहिलं. समोर प्रबळगड, मागं भाताची खाचरं आणि मधे तबेला. तबेल्यात सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतून आणलेल्या दोन घोड्या. धंदा वरातींचा.

चैत्रातल्या एका रात्री साडेतीनला फोन खणखणला. "भाऊजी, आता व्यायला झालीय. निघा!" मी उभा जन्म विम्याच्या कचेरीत काढलेला. घोडीच्या बाळंतपणात माझा उपयोग काय, हे मला कळेना. पण माहेरची हाक म्हटल्यावर सौभाग्यवती चपला घालून दारात उभ्या. हातात अळिवाच्या लाडवांचा डबा. तो कुठल्या बाळंतिणीसाठी, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

घोडीचे दिवस साधारण अकरा महिन्यांचे. मोतद्दार चार रात्री तिच्याकडे टक लावून बसला होता. घोड्या बहुतेक रात्रीच व्यातात, आणि कुणी बघत असलं तर थोडा वेळ कळ रोखूनही धरतात. आम्ही पोचलो, मोतद्दार चहा टाकायला उठला, तेवढी संधी तिला पुरली. कपबश्या घेऊन आलो तो शिंगरू हजर!

आणि मग सुरू झाली त्याची उभं राहण्याची खटपट. शिंगराचे पाय जन्मतःच जवळजवळ आईएवढे लांब असतात. पण ते चारही आपलेच आहेत, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नसतं. दोन पाय पूर्वेला, एक दक्षिणेला, चौथा पोटाखाली. बिघडलेली घडीची खुर्ची उघडताना जे होतं तेच. तिसऱ्यांदा कोसळलं तेव्हा मेव्हणे धावले. मोतद्दारानं त्यांचा हातच धरला. "हात लावू नका, शेठ. पडू द्या त्याला."

जनावरांच्या डॉक्टरांचा हिशेब सोपा असतो. तासाभरात उभं राहावं, दोन तासांत दूध प्यावं, तीन तासांत वार पडावी. घड्याळ माझ्या हातात दिलं. आयुष्यात प्रथमच विम्याच्या माणसाला कुणाच्या तरी जन्मावर नजर ठेवायला सांगितलं होतं! पन्नासाव्या मिनिटाला ते चारही पायांवर उभं राहिलं. सौ.नी टाळ्या वाजवल्या, त्यानं दचकून पुन्हा बसकण मारली.

मग काय, कामांचा नुसता धडाका! नाळेला आयोडीन. ओला पेंढा काढून कोरडा अंथरायचा. घोडीला कोमट पाणी, कोंडा, गूळ. कुत्री हाकलायची, वाडीतली पोरं हाकलायची, वार पडली की ती सबंध आहे ना ते पसरून बघायचं. एवढ्या गडबडीत शिंगरू दूध शोधत होतं. त्यानं भिंत चोखून पाहिली, मोतद्दाराचं कोपर चोखलं, माझ्या सदऱ्याचं टोक चोखलं. कास तेवढी सापडेना. पावणेदोन तास झाले, तसा मोतद्दार स्वतःच उठला आणि त्यानं हलक्या हातानं त्याचं तोंड सडाला नेऊन लावलं.

"मघाशी हात लावू नका म्हणालात ना?" मी विचारलं.

"मघाशी वेळ होता. आता नाही."

पुढं डॉक्टरांनी उलगडा केला. माणसाच्या बाळाला रोगांशी लढायची थोडी शिदोरी आईच्या पोटातच मिळते. शिंगराला तिथं जवळजवळ काहीच मिळत नाही. ती सगळी पहिल्या चिकात असते, आणि ती रक्तात घेणारं आतड्याचं दार सुमारे चोवीस तासांत बंद होतं. परोपकारावर मी बरीच व्याख्यानं ऐकली आहेत. कुठं स्वावलंबनाचे गोडवे, कुठं सेवेचे. पण दार बंद व्हायला किती वेळ उरलाय ते पाहून हात पुढं करावा किंवा मागं घ्यावा, हे घड्याळाचं नीतिशास्त्र मला त्या तबेल्यातच भेटलं.

दुपारी खरी परीक्षा उभी राहिली. मेव्हण्यांनी वैशाखातल्या एका वरातीचा विसार घेतला होता. दुसरी घोडी जाणार होती, पण ती आठवडाभर लंगडत होती. नवऱ्या मुलाचे मामा चौकशीला आले, शिंगरू पाहून खूष झाले. "हीच घोडी द्या की! पोरगंही येऊ दे मागनं. शोभा येईल!"

मेव्हणे गप्प. आकडा बरा होता. मोतद्दार म्हणाला, "शेठ, हे तासाला चार-पाच वेळा पितंय. आई जाईल तिथं याला जावंच लागणार."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शिंगरू हेलपाटे हौसेनं घालत नाही. त्याची खानावळच पुढं चालत असते! तिच्या पाठीवर ओझं घालून तिला बाजारला पिटाळलं की याला मागं धावणं आलं. त्याला बांधून ठेवलं तर उपाशी, सोडलं तर दमून जाणार.

२०१५ साली मुंबई उच्च न्यायालयानं व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरवल्या. पण नुकत्या व्यालेल्या घोडीनं बँडबाजापुढं नाचावं की नाही, हे शेवटी मालकाच्या मनावरच येऊन पडतं. त्या मनाला धक्का दिला तो सौ.नी.

"दादा, आमच्या सूनबाईला बेलापूरच्या कचेरीतनं सव्वीस आठवडे रजा मिळाली. २०१७ पासून कायदाच आहे तसा. हिनं काय घोडं मारलंय?"

शिंगरू आईपासून तोडतात तेही सहाएक महिन्यांनी, म्हणजे तेवढ्याच आठवड्यांनी. घोड्यांनी हा हिशेब दिल्लीला न विचारता आधीच करून ठेवला होता! मेव्हण्यांनी आत जाऊन विसार आणला आणि मामांच्या हातावर ठेवला. मामा रागावले, पण सौ.नी पुढं केलेले अळिवाचे दोन लाडू खाऊन गेले.

उदारपणा म्हणतात तो हाच असावा. शिंगरासाठी वेगळं काही करावं लागलं नाही. फक्त त्याच्या आईच्या पाठीवर कुणाला बसू दिलं नाही. पाळणाघरं, क्लास, डबे, रिक्षा हे सगळं पोरांसाठी म्हणून आपण उभं करतो. पोरांच्या आईच्या पाठीवर काय काय लादलंय, ते मोजायचं मात्र राहून जातं.

म्हण मात्र मला आता खटकते. गाढव मेलं ओझ्यानं, शिंगरू मेलं हेलपाट्यानं. दोघांच्या मरणाचं कारण चोख दिलंय. पण ते ओझं होतं कुणाचं? त्याचं नाव म्हणीत कुठंच नाही. बहुधा तो बाजारातून घरी आला असावा आणि पाय पसरून म्हण रचत बसला असावा.