हजेरी आणि सान्निध्य

फ्रान्समध्ये दूरध्वनीवर बोलू इच्छिणाऱ्या परक्या मनुष्याला जी वाक्ये प्रथम पाठ करावी लागतात, ती वरवर पाहता निव्वळ शिष्टाचाराची वाटतात. घंटा वाजली की 'आलो' (मराठी कानाला हा उद्गार गमतीचा, पण समर्पकच वाटेल). नाव विचारावयाचे तर 'से द ला पार द की', आपण कोणाच्या वतीने. थांबवून ठेवावयाचे तर 'न किते पा', सोडून जाऊ नका. आवाज अस्पष्ट झाला की 'वू मांतांदे', ऐकू येते ना? या वाक्यांत बातमी कसलीच नाही. पलीकडे कोणी आहे काय आणि असल्यास तो किती वेळ राहील, एवढीच खातरजमा त्यांत आहे. आणि जो दिसत नाही तो आपल्याजवळ आहे असे कशाच्या आधारावर म्हणावे, हा धर्मचिंतनातला पुरातन प्रश्न त्या खातरजमेच्या मिषाने नित्यव्यवहारात येऊन बसला आहे.

फ्रेंच कादंबरीकार प्रूस्त याच्या महाकादंबरीच्या 1920 पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या 'गेरमांत' खंडात निवेदक दोंसिएर या गावाहून आजीशी दूरध्वनीवर बोलतो, तेव्हा मुखावाचून एकटाच आलेला तिचा आवाज किती कोमल आणि किती जर्जर आहे हे त्याला प्रथमच जाणवते. इतकी वर्षे समोर बसलेल्या आजीचा हा आवाज जणू त्याने ऐकलाच नव्हता. संपर्क तुटतो आणि तो व्यर्थ हाका मारीत राहतो. गाब्रिएल मार्सेल या तत्त्वज्ञाने पहिल्या महायुद्धात रेड क्रॉसच्या कामात बेपत्ता सैनिकांच्या आप्तांना तोंड दिले होते. नोंदीचे कार्ड आणि जिवंत मनुष्य यांतील अंतर त्याला ठाऊक होते. शेजारच्या खुर्चीवरील मनुष्य आपल्याला अनुपस्थित असू शकतो आणि दूरदेशीचा स्नेही उपस्थित, असे तो मानी.

चित्रसंवादाने मुखही आणून दिले. पण शंका दुणावली, आणि 'वू मांतांदे'च्या जोडीला 'वू म व्वाये', मी दिसतो ना, हेही आले. त्यात कॅमेरा पडद्याच्या वर असल्याने दुसऱ्याच्या नजरेला नजर दिल्याचा भास निर्माण करावयाचा तर त्याच्याकडे पाहणेच सोडावे लागते! लेव्हिनास या तत्त्वज्ञाने 1961 च्या ग्रंथात मुखाला नीतीचे मूळ ठरविले खरे. परंतु त्याचे मुख हे नाकडोळ्यांचे चित्र नसून, आपल्यावर हक्क सांगणारी दुसऱ्याची असहायता आहे, आणि ती पडद्यावर उमटेलच याची हमी कोण देणार?

कॅथलिक चर्चने 2002 च्या निवेदनात इंटरनेटवर संस्कार होत नाहीत असे नमूद केले, तो मला केवळ रूढीचा हट्ट वाटत नाही. देह जवळ असल्याने सान्निध्य सिद्ध होत नाही, हे मार्सेलचे म्हणणे मान्य करूनही, देहाला तसदी दिल्यावाचून ते पुरते पटत नाही असे मला वाटते. 2020 च्या मार्चमध्ये महासाथीमुळे फ्रान्समधील वृद्धाश्रमांत भेटींना बंदी झाली आणि टॅब्लेटवरील संवाद सुरू झाले. 20 एप्रिलपासून स्पर्शाची मुभा नसलेल्या मर्यादित भेटींना परवानगी मिळाली. केवळ पाहणे आणि ऐकणे एवढाच हेतू असता, तर पडद्यावर ते दोन्ही होत असताना अशा भेटीची तजवीज करण्याचे कारण उरले नसते.