तंबोऱ्याची मालकी

मराठीत ‘हौशी’ हा शब्द एकाच वेळी कौतुकाचा आणि किंचित उपहासाचा आहे. हौशी नटाला टाळ्या मिळतात त्या त्याच्या चुका आधीच माफ करून. ‘हौसेला मोल नाही’ या म्हणण्याचेही तसेच आहे. हौस अमोल असते असे त्यातून जितके निघते, तितकेच हौशीला बाजारात भाव नसतो असेही निघते. तरुणपणी या दुसऱ्या अर्थाचा त्रास होत नाही, कारण आजचा हौशी उद्याचा कलावंत होण्याची शक्यता शिल्लक असते. मध्यम वयात कचेरी, संसार आणि कर्जाचे हप्ते यांतून मिळणारी विश्रांती म्हणून गाण्याचे समर्थन करता येते. वार्धक्यात ही दोन्ही कारणे गळून पडतात. पुढे काही व्हायचे नसते, आणि जिच्यापासून विश्रांती घ्यायची ती कचेरीही उरलेली नसते. गळा दरवर्षी थोडा मागे हटत असताना आणि ऐकणारे कोणी नसताना रोज पहाटे उठून गाणारा माणूस नेमके काय करीत असतो, हा प्रश्न मग उघडा पडतो.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात असे एक गृहस्थ राहतात. वय शहात्तर. महालेखापालांच्या कार्यालयात पस्तीस वर्षे नोकरी झाली, त्यालाही आता बराच काळ लोटला. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास जिथे छावणी टाकली, तिथेच या शहराचा हा भाग वाढला, आणि छावणीबरोबर आलेल्या मराठी कुटुंबांपैकी पुष्कळांच्या घरात हिंदी ही अंगणाची व मराठी ही माजघराची भाषा होऊन राहिली. गाणे मात्र दोन्हीकडचे होते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात नेली, ही गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक असते. ती गायकी जिथून नेली तिथे मागे राहिलेली मराठी घरेही ती गात होती, हे सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. या गृहस्थांनी तरुणपणी कृष्णराव शंकर पंडितांना प्रत्यक्ष ऐकले. १८९३ साली जन्मलेले पंडितजी १९८९ पर्यंत हयात होते, आणि शहरातल्या जुन्या श्रोत्यांना काळाची मोजदाद अजूनही त्यांच्या मैफलींवरून करण्याची सवय आहे.

हौशी माणसाला या शहरात खरे तर ओशाळण्याचे कारण नाही. १९१८ साली ग्वाल्हेरात माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले, त्यामागची योजना विष्णु नारायण भातखंडे यांची होती. भातखंडे हे शिक्षणाने वकील. मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत ते ऐकत आणि शिकत राहिले. उस्तादांच्या घरांत बंद असलेल्या चिजा मिळवून त्यांनी स्वरलिपीत उतरवल्या, त्या पोटासाठी नव्हेत. आज व्यावसायिक गवई ज्या दहा थाटांच्या चौकटीत बोलतो, वा तिच्याशी भांडतो, ती चौकट मैफल गाऊन न जगणाऱ्या माणसाने घातलेली आहे. अर्थात भातखंड्यांच्या नावाचा आधार प्रत्येक हौशी माणसाला घेता येत नाही. लष्करातल्या या गृहस्थांनी काही संपादित केलेले नाही. पन्नास वर्षांत त्यांना पंधरा-वीस राग बरे येऊ लागले, इतकेच.

माघातल्या एका पहाटे, पाच वाजता, ते तंबोऱ्याची गवसणी काढतात. तंबोरा मिरजेचा आहे. भविष्य निर्वाह निधीतून उचल घेऊन १९७८ साली तो आणला, आणि गाडीत भोपळ्याला धक्का लागू नये म्हणून सारा प्रवास उशाशी घेऊन केला. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. या कारागिरांचे पूर्वज शस्त्रांना धार लावणारे शिकलगार होते, ही हकीकत ते येणाऱ्याजाणाऱ्याला अजूनही सांगतात. पूर्वी ते काळी एकमध्ये गात. आता खालच्या पांढरी सातमध्ये गातात, कारण वरचा षड्ज पूर्वीच्या पट्टीत धरवत नाही. पट्टी उतरली की तारा सैलावतात, तारा सैलावल्या की जवारी बंद होते. घोडीवर तारेखालचे सूत जरा पुढे, जरा मागे सरकवत तो बोलका स्वर पुन्हा शोधावा लागतो. बसवते ती चाळीस-पन्नास मिनिटे, आणि त्यातली वीस तंबोरा मिळवण्यात जातात. घरातल्यांना हा अपव्यय वाटतो. कळ दाबली की सुरात वाजू लागणारा विजेवरचा तंबोरा फडताळात आहे. मुलाने तो मोठ्या प्रेमाने आणून दिला होता.

त्या वीस मिनिटांत काय चालते हे नीट पाहण्यासारखे आहे. मधल्या दोन तारा, म्हणजे जोड, एकाच षड्जात लावायच्या असतात. समजा, त्या दोघींत सेकंदाला कंपनाच्या पाचव्या हिश्शाचा फरक राहिला. मूळ स्वरात तो फरक पाच सेकंदांतून एकदा डुलेल, आणि तेवढ्यात तार पुन्हा छेडली जात असल्यामुळे तो कोणाच्याच ध्यानात येणार नाही. परंतु तार एकटा षड्ज बोलत नाही. तिच्यातून दुपटीचे, तिपटीचे, विसपटीचे स्वर एकाच वेळी निघत असतात, आणि विसाव्या स्वरात तोच फरक सेकंदाला चार वेळा थरथरतो. तो थरथराट कान पकडतो. मग तारेत ओवलेला मणी केसभर खाली वा वर सरकवायचा. जाणत्याने मिळवलेला तंबोरा असा त्याच्या सर्वांत वरच्या, सर्वांत बारीक झळाळीत मिळालेला असतो. खर्जातून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार पुष्कळांना ऐकू येतो, पण जोडीची कसोटी त्याच्याही बऱ्याच वर लागते.

वय वाढते तसे कानातून प्रथम वरचेच स्वर जातात. दोन्ही कानांतून, सावकाश, वेदना न होता जातात. बोलण्यातले ‘स’, ‘श’, ‘फ’ पुसट होतात. माणूस इतरांना पुटपुटणारे म्हणू लागतो. तंबोऱ्याचा षड्ज ऐकू येतो, पंचम येतो, गंधारही येतो. जिच्यावरून लहान चूक कळते ती झळाळी तेवढी जाते. आणि ती गेली हे कळत नाही, कारण शांतता स्वतःची वर्दी देत नाही. त्या सकाळी या गृहस्थांनी तोडी घेतली. तोडीचा गंधार नेहमीच्या कोमल गंधाराहूनही उतरा. त्यांच्या मते तो चांगला लागला.

शेजारच्या घरातली मुलगी सातच्या सुमारास दूध देण्याच्या निमित्ताने आत आली. ती शहरातल्या संगीत विद्यापीठात गाणे शिकते. मराठी समजते, बोलते हिंदी. क्षणभर उभी राहिली आणि संकोचून म्हणाली, “दादाजी, जोड़ी ज़रा अलग है।” त्यांनी पुन्हा छेडून पाहिले. त्यांना जोडी एकच वाटली.

दुपार फारशी सांगण्यासारखी नाही. जेवण, वर्तमानपत्र, बाड्यावरच्या पोस्टात एक काम. श्रवणयंत्र त्यांच्याकडे आहे, पण ते गाताना काढून ठेवावे लागते, आणि त्याचे कारण विचार करण्याजोगे आहे. ही यंत्रे मुख्यतः मनुष्याच्या बोलण्यासाठी बनवलेली असतात. बोलणे तुटक असते. पंख्याची घरघर, मोटारीचा आवाज हे अखंड. तेव्हा जे न थांबता एकसारखे येते ते गोंगाट समजून दाबायचे, अशी पुष्कळ यंत्रांची शिकवण असते. शिट्टीसारखा टिकून राहणारा स्वर आला तर यंत्रातलाच दोष मानून त्याला खोडण्याचा ती प्रयत्न करतात. न थांबता एकसारखे येणे हाच तंबोऱ्याचा धर्म. यंत्राच्या लेखी तंबोरा हा उपद्रव आहे.

जेवताना सुनेने सहज विचारले होते: “बाबा, ती मुलगी भाड्याच्या तंबोऱ्यावर रियाज करते. त्याच्या खुंट्या सरकतात म्हणे. आपला तिला दिला तर?” प्रश्नात दुष्टावा नव्हता. म्हणूनच तो टाळता येत नव्हता.

हा प्रश्न जुना आहे. ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’च्या तिसऱ्या भागात तो वेणूच्या निमित्ताने घेतला आहे. वादकांपैकी कुलाने वा रूपाने श्रेष्ठ कोण हे पाहू नये. जो वादनात श्रेष्ठ, त्याला श्रेष्ठ वाद्य मिळावे. अमर्त्य सेन यांनी २००९ साली ‘द आयडिया ऑफ जस्टिस’मध्ये एक बासरी आणि तिच्यावर हक्क सांगणारी तीन मुले उभी केली. एकाला ती वाजवता येते, एकाजवळ खेळायला दुसरे काही नाही, एकाने ती स्वतः घडवली आहे. तिन्ही दावे विवेकाला धरून आहेत आणि कोणताही एक दुसऱ्यांना सहज बाद करीत नाही, हे त्यांना दाखवायचे होते. आपल्या गृहस्थांचा दावा या तिघांत कुठेच बसत नाही. वाजवणाऱ्यांत ते श्रेष्ठ नाहीत, गरजवंत नाहीत, घडवणारे तर नाहीतच. त्यांनी वाद्य विकत घेतले आणि सत्तेचाळीस वर्षे त्याच्यावर माया केली. विकत घेणे हा कायद्याचा हक्क झाला. माया हा हक्क आहे काय?

ॲरिस्टॉटलचा नियम तंबोऱ्याला लावताना एक अडचण येते. वेणूचा श्रेष्ठ वादक असतो, तंबोऱ्याचा नसतो. मैफलीत तंबोरा शिष्य धरतो, कधी गवयाचा चाहता धरतो. त्याचे नाव जाहिरातीत छापत नाहीत. त्याने कौशल्य दाखवू नये हेच त्याचे कौशल्य. आपल्या संगीतातल्या या सर्वांत आवश्यक वाद्याला कोणी उस्ताद नाही. ते स्वभावतःच हौशी माणसाचे वाद्य आहे. तेव्हा श्रेष्ठ हातांचा दावा इथे लंगडा पडतो. परंतु त्याची जागा दुसरा दावा घेतो, आणि तो अधिक कठोर आहे. तंबोऱ्याला हात कोणताही चालतो, कान मात्र खरा लागतो.

इथे त्याच ग्रंथाच्या आठव्या भागातले एक मत आठवावे लागते. तरुणांनी वादन शिकावे, कारण स्वतः केल्यावाचून चांगले-वाईट पारखता येत नाही. वय झाल्यावर त्यांनी वादन सोडावे, आणि तारुण्यातल्या त्या शिक्षणाच्या बळावर पारखी म्हणून राहावे, असे ॲरिस्टॉटल सांगतो. हात आधी थकतात आणि पारख मागे उरते, असे त्याने धरून चालले आहे. लष्करातल्या या घरात क्रम उलटा झाला. मणी सरकवणारी बोटे अजून स्थिर आहेत, आणि पारख निसटली आहे.

व्यावसायिकाचे असे झाले तर त्याला सांगणारे पुष्कळ असतात. साथीदाराचा चेहरा, रिकाम्या खुर्च्या, पुढच्या वर्षी न आलेले बोलावणे. हौशीला कोणी सांगत नाही. त्याला मानधन नाही, म्हणून त्याच्यावर टीका नाही. घरचे लोक प्रेमाने ऐकत नाहीत किंवा प्रेमाने खोटे बोलतात. त्याचा सगळा व्यवहार एकट्याचा, आणि त्यातली एकुलती एक कमाई म्हणजे सूर लागला हे स्वतःला खरेपणाने कळणे. ते कळणेच संशयित ठरले तर उरलेले गाणे म्हणजे एका सवयीला दिलेले रागाचे नाव. हौशीच्या वार्धक्याचे खरे दुःख आवाज जाण्यात नसावे. आवाज गेला तर निदान कळते.

त्यावर दोन सोपे मार्ग आहेत आणि दोन्ही सभ्य दिसतात. तंबोरा मुलीला देऊन टाकायचा आणि त्याला त्याग म्हणायचे; किंवा ‘मला आनंद मिळतो ना, मग झाले’ असे म्हणून गात राहायचे. पहिल्यात गाण्याशी असलेले नातेच वाद्यासह हातावेगळे होते. दुसऱ्यात गाणे शिल्लक राहते, पण ज्यामुळे ते केवळ करमणूक नव्हते ती शिस्त जाते. बेसूर आहोत हे कळूनही सुखी राहणारा माणूस सुखी असेल. संगीताशी त्याचा संबंध संपलेला असतो.

त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मुलीला बोलावले आणि तंबोरा तिच्यापुढे ठेवला. द्यायचा की नाही याविषयी ते काही बोलले नाहीत. “बेटा, मिला दो” एवढेच म्हणाले. तिने जोड लावली, मणी नखाने किंचित ढकलला, थांबली, पुन्हा किंचित ढकलला. त्यांना आधीच्या आणि नंतरच्या स्वरात भेद आढळला नाही. पन्नास वर्षे जी गोष्ट स्वतःच्या कानाने ठरवली, ती आता विशीतल्या मुलीच्या सांगण्यावरून मानायची होती. ते काही वेळ तिच्याकडे पाहत बसले. मग तिला समोरच बसवून त्यांनी यमन घेतला, आणि गाताना नजर तिच्या चेहऱ्यावर ठेवली. निषाद उतरला तेव्हा तिची भुवई हलली. त्यांनी तो वर घेतला. दुसऱ्यांदाही हलली. तिसऱ्यांदा हलली नाही.

आता सकाळी विद्यापीठाला जाण्यापूर्वी ती येते, तंबोरा मिळवते आणि अर्धा तास ऐकते. खुंट्यांना ते हात लावत नाहीत. परीक्षेच्या दिवसांत तंबोरा तिच्या घरी असतो, मग परत येतो. मालकीचा विषय घरात पुन्हा निघालेला नाही. सुनेने मात्र जुनी गवसणी शिंप्याकडे देऊन तिला खांद्यावर अडकवायचा रुंद पट्टा लावून घेतला आहे.