पट आणि निकाल

पोलादपूरच्या डोंगरवाड्यांत जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांचा पट वीसच्या आत आलाय. ज्यांना जमलं त्यांनी पोरं मुंबईला, नाहीतर महाडच्या इंग्रजी शाळेत धाडली. मागं राहिली कातकऱ्यांची नि धनगरांची. दिवाळीनंतर कातकरी वीटभट्टीवर जातो, पोरही संगं जातं. मग ते वाचनात मागं पडलं की लोक म्हणणार, शाळाच वाईट. अहो, वरकसातली नाचणी नि खाचरातला भात एका मापानं मोजतात का? पोर कुठून निघालं, तेही बघाया नको?

२००९च्या कायद्यानं पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. तरी पट कमी म्हणून ती बंद करा म्हणतात. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली, तो हक्क माणसाचा होता, डोकी मोजून मिळालेला नव्हता. मग एकाच पोरासाठी शाळा उघडी ठेवली, तर त्यात वाया काय गेलं?