अर्ध्या पुण्याचा प्रवास

गव्हाणच्या एका अंगाला न्हावा-शेवा बंदर, दुसऱ्या अंगाला उलव्यापलीकडचा नवा विमानतळ. बंदर 1989 पासून चालू आहे, विमानतळाचे उद्घाटन 2025 मध्ये झाले. एका पिढीने भातशेती दिली, पुढची पिढी जहाजावर, शिपिंग कंपनीत नाहीतर सॉफ्टवेअरमध्ये गेली. कामासाठी इंग्लंडला चार-आठ दिवस जाऊन येणे या पट्ट्यात आता नवलाचे नाही. त्या प्रवासाला चिकटून एक प्रश्न मात्र घरोघरी येतो. बैठका संपल्यावर शनिवारी एखादे जुने इंग्रजी गाव, तिथले चर्च, दगडी घरांची गल्ली बघून आलेल्या माणसाला कोणीतरी विचारतेच, ‘कामाला गेला होतास की फिरायला?’ आणि तो ओशाळतो.

ओशाळण्याचे कारण नाही, कारण हा प्रश्न धर्मशास्त्राने फार पूर्वी सोडवला आहे. तीर्थयात्रेविषयीच्या निबंधग्रंथांत एक जुने वचन पुन्हापुन्हा आधाराला घेतले जाते. त्याचा आशय असा : जो दुसऱ्यासाठी तीर्थाला जातो त्याला फळाचा सोळावा हिस्सा मिळतो, आणि जो दुसऱ्या कामाने निघून ओघात तीर्थाला पोचतो त्याला निम्मे फळ मिळते. निम्मे! व्यापाराला, वकिलीला किंवा चाकरीच्या कामाला निघालेल्या माणसाला शास्त्राने रिकाम्या हाताने परत पाठवलेले नाही. सोळावा हिस्सा आहे तो बदली यात्रेकरूचा, म्हणजे ज्याचा संकल्पच उसना त्याचा. कंपनीच्या तिकिटावर गेलेला माणूस त्यात बसत नाही. तिकीट दुसऱ्याचे असले तरी वाट वाकडी करून जाण्याची इच्छा त्याची स्वतःची असते.

हा उदार हिशेब मांडणाऱ्यांना रस्त्यावरचे जग ठाऊक होते. काशी हे तीर्थ आहे तशी मोठी पेठही. सोळाव्या शतकात तिथे बसून ‘त्रिस्थलीसेतु’ हा तीर्थयात्रेवरचा निबंधग्रंथ लिहिणाऱ्या नारायणभट्टांचे घराणे मूळ पैठणचे. कोण कशासाठी काशीत येतो, हे त्यांना घाटावर रोज दिसत असणार.

यावर आक्षेप येईल, की काशी-प्रयाग ठीक, पण इंग्लंडमधले गाव तीर्थ कसे होईल? त्याचेही उत्तर परंपरेत आहे. तिने तीर्थे केवळ नदीकाठी ठेवली नाहीत. स्थावर तीर्थांबरोबर जंगम तीर्थे सांगितली, म्हणजे चालतीबोलती सज्जन माणसे. आणि मानस तीर्थे सांगितली : सत्य, क्षमा, दया, इंद्रियांवर ताबा. या व्याख्येने पाहिले तर एका मराठी वकिलाला इंग्लंडमधल्या एका गावात खरोखरच तीर्थ भेटले होते.

1781 मध्ये रघुनाथराव पेशव्यांचे वकील, म्हणजे दूत म्हणून हनुमंतराव नावाचे ब्राह्मण आणि मणियार रतनजी हे पारशी गृहस्थ लंडनला पोचले. काम राजकीय होते, इंग्रजांची मदत पदरात पाडून घेण्याचे. लंडनमध्ये त्यांची आबाळ झाली. सोवळ्यात राहणाऱ्या माणसाला तिथे स्वयंपाकाला स्वच्छ, वेगळी जागा मिळणेही कठीण. पार्लमेंटचा सभासद एडमंड बर्क त्यांना बीकन्सफिल्डला आपल्या घरी घेऊन गेला. लंडनच्या वायव्येला, ऑक्सफर्डच्या जुन्या रस्त्यावरचे हे रुंद पेठेचे गाव. बर्कने बागेतले आपले मोठे काचघर त्यांच्या स्वाधीन केले. आपल्या हाताने शिजवावे, आपल्या रीतीने जेवावे, पूजाअर्चा करावी म्हणून. जो धर्म आपला नाही त्याच्या आचाराला आपल्या अंगणात जागा करून देणारा यजमान हे जंगम तीर्थ नाही, तर दुसरे काय?

मुख्य काम मात्र फसले. 1782 च्या सालबाईच्या तहात इंग्रजांनी रघुनाथरावांचा पक्ष सोडला आणि महिना पंचवीस हजार रुपयांच्या तनख्यावर त्यांची बोळवण झाली. साष्टी, घारापुरी आणि करंजा इंग्रजांकडेच राहिले. हा करंजा म्हणजे गव्हाणच्या शेजारचे उरण. ज्या वकिलीने या किनाऱ्याचे भवितव्य बदलायचे होते तिचा कागद जुन्या दप्तरात जमा झाला. बीकन्सफिल्डचा तो आडवाटेचा मुक्काम मात्र बर्कच्या चरित्रात टिकून राहिला.

परतल्यावर दुसरा हिशेब उभा राहिला. समुद्र आणि म्लेंच्छदेश ओलांडलेल्या माणसाला पंक्तीत घ्यायचे का? बनारसमध्ये राहून संस्कृत ग्रंथांचा अभ्यास करणारा कंपनीचा लष्करी अधिकारी फ्रान्सिस विल्फर्ड याने रघुनाथरावांच्या ब्राह्मण वकिलांची हकीकत लिहून ठेवली आहे. त्यांच्यावर बहिष्कार पडला, रघुनाथरावांचे वजनही कामी आले नाही, ठिकठिकाणचे शास्त्री जमले. शेवटी सभेने प्रायश्चित्ताने शुद्ध होण्याची मुभा दिली : सोन्याच्या योनीतून बाहेर पडून नवा जन्म. ती मुभा देताना सभेने दोन गोष्टी लक्षात घेतल्याचे विल्फर्ड सांगतो. एक, त्यांचे निष्कलंक चारित्र्य. दुसरी, प्रवासाचा हेतू, जो फक्त आपल्या राज्याच्या भल्याचा होता.

हेतूचे हे महत्त्व मोलाचे आहे. त्या काळच्या कर्मठ सभेनेही पाय कुठे गेले एवढेच पाहिले नाही, मन कशासाठी निघाले हे विचारले. प्रायश्चित्त आज कोणी मागणार नाही, मागूही नये. विचारलेला प्रश्न मात्र आजच्या प्रवाशालाही लागू आहे.

म्हणून निम्मे फळ फुकटचे नाही. काम अर्धवट टाकून निघालेला माणूस ‘ओघात’ गेलेला नसतो, तो पळालेला असतो. एक दिवस जास्त राहायचे तर ते कार्यालयाला सांगून, त्या दिवसाचा खर्च स्वतःच्या खिशातून. आणि पाहायचे ते डोळे उघडे ठेवून. तीर्थाचे फळ कोणाला, याचे उत्तर देताना परंपरा हात, पाय आणि मन ताब्यात असलेल्या माणसाकडे बोट दाखवते. कॅमेऱ्यापुरती उभी राहिलेली भेट त्यात मोजणे अवघड आहे.

या विषयाचा सगळ्यात मोठा अभ्यासक स्वतः असाच प्रवासी होता. चिपळूणजवळच्या पेढे-परशुरामचे भारतरत्न पां. वा. काणे यांनी ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’च्या 1953 मध्ये निघालेल्या चौथ्या खंडात तीर्थयात्रेचा विस्तृत विचार केला. पुढच्याच वर्षी, 1954 मध्ये, प्राच्यविद्या परिषदेच्या कामाने ते केंब्रिजला गेले. तेव्हा वय सत्तरीच्या पुढे होते.

आणि ज्यांना वेळच मिळत नाही त्यांचे काय? न्हावा-शेव्याहून सुटणाऱ्या कंटेनर जहाजांवरचे खलाशी इंग्लंडच्या फेलिक्सटो बंदरात पोचतात तेव्हा माल चढेउतरेपर्यंत हाती काही तास येतात. धक्क्यापलीकडेच समुद्रकाठचे जुने टुमदार गाव आहे. किनाऱ्यावर उतरण्याची रजा हा खलाशाचा हक्क असल्याचे 2006 च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारात लिहिले आहे, पण पाळी, कागदपत्रे आणि जहाजाची घाई यांत तो हक्क बऱ्याचदा वाहून जातो. अशांच्या मदतीला 1856 पासून चालत आलेली ‘मिशन टू सीफेअरर्स’ ही ख्रिस्ती संस्था आहे. बंदराबंदरांत ती खलाशाचा धर्म न विचारता त्याला गाडीतून गावात सोडते. बर्कच्या काचघराची ही थेट पुढची पिढी. ‘फिरायला गेला होतास का’ असे विचारणाऱ्यांनी या माणसांना उलट विचारायला हवे, की निदान तासभर तरी उतरायला मिळाले का, आणि नसेल तर कोणी अडवले.